शनिवारचं लोखंड

माणसाच्या पोटात भीतीचा गोळा येतो असं म्हणतात. माझ्या आईची भीती मात्र कानात बसलेली असायची. तिसगावाबाहेर रस्त्याला लागून आमचं घर होतं, पुढं शेणानं सारवलेलं अंगण आणि त्या अंगणात अण्णांची जीप. अण्णा म्हणजे माझे वडील. सकाळी ते सीटं, म्हणजे उतारू, भरून करंजीचा घाट चढत, नगरला जात, आणि दिवस मावळताना परत येत. दुपार कलली की आईचे हात कामात असत, पण कान रस्त्यावर. भाकरी थापता थापता तिचा हात मध्येच थांबायचा. थप थप थप, आणि एकदम गप्प. रस्त्यावरून एखादा टेम्पो जायचा, ती मान हलवायची आणि पुन्हा थापायला लागायची. जीप अंगणात वळवताना अण्णा क्लच दाबत तेव्हा त्या पायडलाचा बारीक किर्र आवाज व्हायचा. इंजिनाच्या घरघरीत तो आम्हाला कुणाला कधी ऐकू आला नाही, पण आईला यायचा. तो आला की ती तव्यावरची भाकरी उलटायची आणि म्हणायची, "आलं बया एकदाचं मानूस." तोवर ती पाणीसुद्धा पीत नसे.

हे काही उगाच नव्हतं. मी कॉलेजात गेले त्याच्या आदल्या वर्षी अण्णांच्याच ओळखीच्या एकाची जीप घाटात चढताना मागं आली होती. चालवणारा वाचला, पण पुन्हा कधी स्टेअरिंगला त्यानं हात लावला नाही. ती जीप ट्रॅक्टरला बांधून आमच्या घरावरूनच ओढत नेली. आई तेव्हा अंगणात कुरडया वाळत घालत होती. ती उठून उभी राहिली आणि तिनं त्या जीपमध्ये डोकावून पाहिलं. मागच्या बाकाखाली चपला तशाच पडल्या होत्या, त्यात एक लहान पोराची होती. आई कुरडयांचा चीक तसाच सोडून घरात गेली. पुढं कितीतरी दिवस ती अण्णांच्या चपला रात्री उचलून उंबऱ्याच्या आत ठेवायची. अण्णांनी विचारलं तर म्हणायची, कुत्रं नेतंय.

अण्णांना मात्र भीती नावाची चीज माहीतच नाही, अशी आमच्या घरात ठाम समजूत होती. ते जोरात बोलत, जोरात हसत आणि रागावले की मांडणीवरची भांडी वाजत. पाथर्डी ते नगर रस्त्यावर त्यांच्याइतका बिनधास्त माणूस नाही असं सगळे म्हणायचे, आणि आई त्या बोलण्याला धरूनच जगायची. "त्येंला न्हाई भ्या वाटत, मग आपुन कशाला भ्यावं?" असं ती मला म्हणायची, आणि पुन्हा कान टवकारून बसायची.

मी तेव्हा नगरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. रोज अण्णांच्याच जीपमध्ये पुढं बसून जायचे. त्यामुळं जीप आजारी पडल्याचं मला आईच्या आधी कळलं. घाटात इंजिन ओरडायचं आणि गाडी मात्र म्हातारीसारखी चढायची. अण्णा म्हणाले, क्लच प्लेट झिजली. आधी त्यांनी क्लचचा रॉड आवळून पाहिला. त्या कामात मी मदतीला असायचे. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसून पायडल दाबायचं, आणि अण्णा खाली सतरंजीवर उताणे पडून पान्यानं नट फिरवायचे. खालून आवाज यायचा, "दाब." मी दाबायचे. "सोड." मी सोडायचे. मला त्यांचे फक्त पाय दिसत. मनात येई, आत्ता ही जीप खाली बसली तर? माझा पाय चुकला तर? आणि आई दारात उभी राहून मला डोळ्यांनीच विचारायची, हाईत ना गं खाली? मी मान हलवायचे. आज मी स्वतः गाडी चालवते, पण क्लचवर पाय ठेवला की खाली कुणीतरी झोपलंय असं अजूनही वाटतं. एकदा तर मी सिग्नलला वाकून पाहिलं, मागच्यानं हॉर्न मारून मारून जीव घेतला.

रॉड आवळून काही भागलं नाही. नवी प्लेट घालणं आलं. एक दिवस अण्णा नगरच्या दुकानातून प्लेट घेऊन आले, संध्याकाळी मोठ्या खुशीत खोका ओसरीवर ठेवला आणि म्हणाले, "उद्या बशीरला बोलावलंय. रईवारी काम उरकू."

आईनं खोक्याकडं पाहिलं आणि विचारलं, "काय हाय त्यात?"

"क्लच प्लेट."

"लोखंडाची?"

"मंग काय बाभळीची?"

आईचा चेहराच उतरला. त्या दिवशी शनिवार होता. आमच्या भागात शनिवारी लोखंड घरात आणत नाहीत. खिळा आणत नाहीत, विळा आणत नाहीत, आणि घाट चढायच्या गाडीचं काळीज म्हणावं असा भाग तर नाहीच नाही. आई हळूच म्हणाली, "आज सोडून कोनता दिस न्हवता व्हय?" अण्णा खेकसले, "शनिवारी घाट बंद आसतो का? शनिवारी सीटं येत न्हाईत का?" आणि हातपाय धुवायला निघून गेले. आई पुढं काही बोलली नाही. ती न बोलणाऱ्यांतली होती, आणि न बोलणारी माणसं काय करतील याचा भरवसा नसतो.

दिवेलागणीला मी भिंतीतल्या देवळीशी अभ्यासाला बसले होते. अण्णा गावात गेले होते. आईनं देवापुढं दिवा लावला, खोका आणला आणि आतली प्लेट काढून पाटावर ठेवली. मधे दातेरी भोक आणि दोन्ही अंगांना तपकिरी पट्टा असलेलं ते चक्र मला मोठ्या भाकरीएवढं वाटलं. आईनं त्याला हळदकुंकू लावलं. मग करडईच्या तेलाची वाटी घेतली आणि शनीच्या शिळेवर घालतात तसं तेल त्या प्लेटवर घातलं, बोटानं गोल गोल सगळीकडं पुसलं, उलटी करून पुन्हा घातलं. तिचे ओठ हलत होते. नव्या कुऱ्हाडीला, नव्या फाळाला आमच्याकडं तेल घालतातच, त्यामुळं मला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट मला बरं वाटलं. मलाही त्याच जीपमध्ये बसायचं होतं. शेवटी पुरुषमाणसं हसतील म्हणून आईनं हळदकुंकू पदरानं स्वच्छ पुसून काढलं आणि प्लेट होती तशी खोक्यात ठेवली. त्या रात्री तिनं हुलग्याची शेंगोळी केली होती आणि बऱ्याच दिवसांनी ती स्वतः पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी बशीरभाई आले. ते अण्णांचे लहानपणापासूनचे दोस्त, चौकात गॅरेज होतं, आणि त्यांची जीभ पान्यापेक्षा जास्त चालायची. त्यांनी आणि अण्णांनी मिळून गिअरबॉक्स खाली घेतला, जुनी प्लेट काढली. नवी प्लेट हातात घेऊन बशीरभाई म्हणाले, "पट्टा जरा काळपट वाटतोय की रं."

"नवा माल हाय. गंज चढू न्हाई म्हनून लावीत आसतील कायतरी," अण्णा म्हणाले. बशीरभाईंनी चिंधीनं पुसली आणि बसवायला घेतली. प्लेट बरोब्बर मध्यावर बसावी लागते, नाहीतर गिअरबॉक्सचा दांडा तिच्या भोकात शिरत नाही. ती मध्यावर धरायला त्यांनी आईचं लाटणं मागितलं, त्याच्या मुठीला चिकटपट्टी गुंडाळली आणि भोकात घातलं. "वहिनी, आता पोळ्यांला डिजलचा वास आला तर आमच्या नावानं बोटं मोडू नगा." आई हसली. तिला त्या दिवशी कसलीच काळजी नव्हती.

मग पुन्हा दाब, सोड, दाब, सोड. पायडलला किती ढील ठेवायची ते बशीरभाईंनी अण्णांना बोटानं दाखवलं. जीप चालू करून अंगणातून रस्त्यावर काढली तेव्हा ती सुटताना जरा थरथरली. बशीरभाई म्हणाले, "नवी हाय, घासून घासून बसंल जाग्यावर." नव्या प्लेटी थरथरतात हे खरंच असल्यानं कुणालाच शंका आली नाही.

सोमवारी सकाळी जीप भरली. मी पुढं कडेला, माझ्याशेजारी नातीला मांडीवर घेतलेली एक म्हातारी, मागं शाळेचे एक गुरुजी आणि बाजारची माणसं. करंजीपर्यंत गाडी झकास गेली. अण्णा शीळ घालत होते. घाट लागला, पहिलं वळण गेलं. दुसऱ्याला इंजिन एकदम ओरडलं. आधी ओरडायचं तसं नाही, गळा दाबल्यावर जनावर ओरडतं तसं. अण्णांची शीळ थांबली. त्यांनी गिअर खाली घेतला, ॲक्सिलेटर दाबला. इंजिन आणखी ओरडलं आणि जीप आणखी हळू झाली. मग ती उभीच राहिली. इंजिन जोरात चालू, चाकं मात्र जागेवर. आणि मग मला माझ्या पाठीला कळलं की आपण मागं चाललोय.

अण्णांनी ब्रेकवर उभं राहून ब्रेक दाबला, हँडब्रेक खेचला. भरलेली जीप थांबायला तयार नव्हती, खडीवरून चरचरत इंचाइंचानं सरकत होती. मागं वळण होतं, वळणाला चुन्यानं रंगवलेले दगड, आणि दगडांच्या पलीकडं काहीच नव्हतं. मागून एक एसटी चढत येत होती, तिचा हॉर्न ऐकू येत होता. म्हातारीनं नातीचं तोंड छातीशी दाबलं. "सुमे, दगूड!" अण्णा ओरडले. मी उडी मारली. पुस्तकं कुठं गेली मला माहीत नाही. हाताला लागला तो दगड उचलून मी मागच्या चाकाखाली ढकलला. चाकानं तो दगड करकरत दाबला आणि जीप थांबली. गुरुजींनी दुसऱ्या चाकाला दगड लावला. माणसं धडाधड उतरली. मी चाकाशीच बसून राहिले.

तेव्हा मला तो वास आला. जळक्या क्लचचा वास मला माहीत होता, केस जळल्यासारखा. पण त्याच्या खाली दुसरा एक वास होता. शेंगोळ्यांना फोडणी देताना तेल जास्त तापलं की येतो तो. आमच्या चुलीचा वास घाटात कुठून आला असं वाटलं, आणि त्याच क्षणी मला दिवेलागणीचा पाट, वाटी, आईचं गोल फिरणारं बोट सगळं डोळ्यांपुढं आलं. मगाशी मी मरायला घाबरले होते. आता मी त्याहून जास्त घाबरले. चुन्याचे दगड ओलांडून जीप गेली असती, तर आई जन्मभर हेच म्हणत बसली असती की मी तर तेल घातलं होतं, तरी असं कसं झालं? आणि कुणी तिला खरं सांगितलं असतं तर ती जगली नसती.

सीटं एसटीत बसवून दिली. गुरुजींनी आणि एसटीच्या कंडक्टरनं धरून जीप वळवली आणि आम्ही दोघं उतारानं आणि पुढं सपाटीला रखडत परत आलो. एवढा आवाज करणारा माणूस गप्प बसला की शेजारी बसवत नाही. मला त्यांना सांगायचं होतं आणि सांगायचं नव्हतं. सांगितलं तर आईचं काय होईल, हेच मी घरापर्यंत घोळवत राहिले.

अवेळी जीप आलेली पाहून आई धावत अंगणात आली. दगडानं चिरलेला माझा हात पाहिला, अण्णांचं तोंड पाहिलं आणि काही न विचारता पाण्याचा तांब्या आणायला आत गेली. बशीरभाई आले, पुन्हा सगळं खाली घेतलं. प्लेट काढून त्यांनी नाकाशी धरली. इंजिनाचं तेल अडवणारं सील पाहिलं, कोरडं. गिअरबॉक्सचं सील पाहिलं, कोरडं. "तेल हाय ह्याच्यावर. पर गाडीचं न्हवं. ह्ये तर खायाचं तेल हाय." रिव्हेटच्या खळगीतून त्यांनी नखानं काहीतरी उकरून काढलं. नखावर पिवळं आलं. हळद.

अण्णांनी मान वर केली. आई तांब्या घेऊन दारात उभी होती. मी मध्ये काहीतरी बोलणार एवढ्यात ती म्हणाली, "म्या घातलं. शनिवारचं लोखंड हुतं म्हनून."

अण्णांनी हातातला पाना फेकला. तो जाऊन तुळशीच्या कट्ट्यावर आदळला आणि विटेचा टवका उडाला. "मारलं आसतंस आज!" ते ओरडले. "पोरगी हुती गाडीत! गाडी मागं आली, कळतं का? घाटात मागं आली!"

आईच्या हातातून तांब्या पडला. ती जागच्या जागी खाली बसली. रडली नाही. नुसती माझ्याकडं बघत राहिली, मी खरी आहे का ते तपासल्यासारखी. तिचे ओठ पुन्हा हलायला लागले. बशीरभाई उठून विडी ओढायच्या निमित्तानं रस्त्याकडं गेले. आता अण्णा तिच्यावर हात उचलणार असं मला वाटलं. त्यांनी तो कधी उचलला नव्हता, पण त्या दिवशी काहीही झालं असतं.

अण्णा तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. मग तेही तिच्यासमोर मातीत बसले. "हात दे," म्हणाले. आईनं भीतभीत हात पुढं केला. अण्णांनी आपला हात माती लावून कोरडा केला आणि तिचा हात घट्ट धरला. "आता वढ." आईनं ओढला. सुटला नाही. "लावलेलं तेल कुटं हाय? सुमे, वाटी आन." मी वाटी आणली. त्यांनी तळहाताला तेल लावलं, पुन्हा तिचा हात धरला. "वढ आता." आईनं जरासं ओढलं आणि हात सर्रकन निसटला. "ह्ये झालं सकाळी," अण्णा म्हणाले. "इंजन चाकाचा हात धरतंय, अन् हात सुटतोय." मी माझ्या आईवडिलांना एकमेकांचा हात धरलेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. नंतरही फारसं कधी पाहिलं नाही.

आईनं तळहाताकडं पाहिलं. मग म्हणाली, "मला भ्या वाटतं वो. रोज वाटतं."

"अन् मला न्हाई वाटत?" अण्णा म्हणाले. "करंजी आली की माज्या तोंडाला कोरड पडती. शीळ काय हौसंनं घालतो व्हय?"

हे ऐकून आईला धीर आला असेल असं तुम्हाला वाटेल. नाही. तिचा रंगच उडाला. यांना भीती वाटत नाही, हा एवढा एकच आधार तिच्यापाशी होता आणि तोही त्या अंगणात गेला. घरातला न घाबरणारा माणूस रोज घाबरत होता, आणि आम्ही त्याच्या भरवशावर घाबरत होतो. पण आई पदरानं हात पुसत उठली आणि एवढंच म्हणाली, "मंग मी तेल कुटं घालू?"

घालूच नकोस, असं अण्णा म्हणाले असते तर तिनं कुठंतरी चोरून घातलंच असतं. ते त्यांना कळलं असावं. त्यांनी तिला जीपपाशी नेलं, दार उघडलं आणि वाकून पायडलाचा खालचा सांधा दाखवला. "हितं घाल. हितं लागतंच. पर पायडलाच्या वरल्या अंगाला न्हाई, पाय निसटंल." आईनं तिथंच, त्याच वाटीतलं तेल बोटानं सोडलं.

पुढं दर शनिवारी ती तिथं तेल घालायची, आणि अण्णा पायडल चारदा दाबून तिला दाखवायचे. पण एक घोटाळा झाला. तेलानं तो किर्र आवाज बंद पडला, आणि जीप आल्याचं आईला कळेना. एका संध्याकाळी अण्णा दारात येऊन उभे राहिले तरी ती रस्त्याकडं कान लावून बसली होती, तोंड पांढरंफटक. त्या दिवसापासून अण्णा वळणावर एक बारीक हॉर्न द्यायला लागले. लोकांना वाटायचं सीटांसाठी देतो.

अण्णा जाऊन आता बराच काळ झाला. अंथरुणातच गेले, घाटानं त्यांचं काही वाकडं केलं नाही. मी नगरहून माझ्या गाडीनं आईकडं जाते. माझ्या गाडीला तेल घालायला खाली काही जागाच नाही, सगळं झाकलेलं, म्हणून आई दाराच्या बिजागरीला घालते. तिला आता काहीच ऐकू येत नाही. तरी वळणावर मी हॉर्न देते, सवय म्हणून. ती अंगणात खाट टाकून रस्त्याकडं तोंड करून बसलेली असते, शेजारी ताट झाकून ठेवलेलं. मी उतरले तरी तिचा विश्वास बसत नाही. उठून येते, बॉनेटवर तळहात टेकवते, इंजिन गरम लागलं की माझा हात धरते आणि एकदा ओढून बघते. मग म्हणते, "चल, जेवू."